उद्यानाबद्दल लोकांची मतं घ्यायची आहेत, पण बोलणारे तेच ते आठ-दहा जण. काय करू?

कडुनिंब (पुणे)

नमस्कार मंडळी, मेसेज जरा लांबलचक आहे, निवांत असाल तेव्हाच वाचा.

आमच्या घराजवळ एक उद्यान आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आलं की ते कुणाच्या काळात झालं आणि फीत कुणी कापली यावरच सगळी चर्चा जाते. सारसबाग किंवा सिंहगड रोडच्या ओकायामा गार्डनसारखं मोठं प्रस्थ नाही, आपलं साधंच. कडेने चालायचा ट्रॅक, मधे लॉन, एका कोपऱ्यात घसरगुंडी-झोपाळे आणि दुसऱ्या कोपऱ्यात ओपन जिम.

तर यंदा नागरिकांच्या सहभागाच्या बजेटमध्ये (म्हणजे महापालिकेच्या बजेटसाठी लोकांनीच कामं सुचवायची ती योजना) या उद्यानाची कामं सुचवायची असं आमच्या चार-पाच सोसायट्यांनी मिळून ठरवलं आणि मतं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, का तर म्हणे मला गुगल फॉर्म बनवता येतो. बनवला, सगळ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकला, आठवणही केली. उत्तरं आली पण जवळजवळ सगळी सकाळी साडेसहाच्या बॅचची, म्हणजे रिटायर्ड काका मंडळी. त्यांचं सगळंच चुकीचं आहे असं नाही हो, ट्रॅकवर पेव्हर ब्लॉक नको माती हवी म्हणतात ते गुडघ्यांसाठी बरोबरच आहे, बाकांना पाठ हवी हेही पटलं. पण त्यापुढची यादी सगळी 'बंद करा'ची. मुलांचं क्रिकेट बंद करा, कुत्री बंद करा, जोडपी बसतात ते बंद करा, रील करणाऱ्या मुली बंद करा, लॉनवर डबा खाणं बंद करा. एका काकांनी तर 'इतर सूचना' या रकान्यात फक्त 'शिस्त' एवढंच लिहिलंय.

आता संध्याकाळी मी मुलाला घेऊन जाते तेव्हा तिथली माणसंच वेगळी असतात. मागच्या वस्तीतली पोरं, बाळं सांभाळणाऱ्या मावशा, दोन क्लासच्या मधल्या वेळात वडापाव खाणारी अकरावी-बारावीची मुलं, जिमच्या मशीनवर पाय हलवत गप्पा मारणाऱ्या बायका. यातलं कुणीच आमच्या ग्रुपवर नाही. त्यांना विचारायला गेले तर हातात पॅड-पेन बघूनच लोक लांब पळतात, त्यांना वाटतं इन्शुरन्सवाली आली. आणि जे थांबतात ते 'सगळं छान आहे ताई' म्हणतात आणि विषय संपतो.

तर या लोकांकडून मत काढायचं कसं? आणि उलटसुलट मतं आली तर कुणाचं धरायचं? ज्याला जास्त मतं त्याचं, असं केलं तर काका लोकच जिंकणार हे उघड आहे. तुमच्या भागात कुणी असं काही केलं असेल तर सांगा प्लीज.

पेठेबाहेरचा (पुणे)

त्या 'शिस्त'वाल्या काकांना माझा दंडवत.

ताई, आधी हे बघा की गोळा केलेल्या मतांचं पुढे काय होणार आहे. सहभागी अंदाजपत्रक ही कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, तिथे १९८९ मध्ये सुरू झालं. तिथे वस्तीवस्तीतले लोक सभेला जमायचे, भांडायचे आणि आधी गटार की आधी रस्ता हे सभेतच ठरायचं. पुण्यात हे २००६-०७ पासून आहे, देशात फार लवकर सुरू करणाऱ्या शहरांत आपण आहोत, पण आपल्याकडे त्याचा मुख्य भाग म्हणजे अर्ज. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास जाहिरात येते, मुदतीत अर्ज भरायचा, एक काम पाच लाखांच्या आत बसलं पाहिजे, मग इंजिनिअर लोक ते होण्यासारखं आहे का बघणार आणि प्रभागाच्या पातळीवर निवड होणार. म्हणजे बसून वाद घालायचा आणि ठरवायचा जो भाग आहे तो अर्ज भरायच्या आधी तुम्हालाच उद्यानात उरकावा लागणार, पालिकेत तो होत नाही.

आता 'शिस्त' काही अर्जात बसत नाही. 'पाठ असलेली सहा बाकं, वडाच्या पूर्वेला' हे बसतं.

त्यामुळे लोकांना 'तुम्हाला काय हवंय' असं विचारूच नका, त्यावर 'छान आहे'च येणार किंवा मग स्विमिंग पूल मागतील. मी आमच्या भागातल्या वाचनालयासाठी लोकांशी बोललो होतो तेव्हाचा अनुभव सांगतो, कालचं विचारायचं. काल आलात का, किती वाजता, कुठे बसलात, किती वेळ थांबलात, आणि मग हळूच, का उठलात? या 'का उठलात'ला जी उत्तरं येतात ना ती सोन्यासारखी असतात. लाइट गेली, डास, बाथरूमला जायचं होतं, पोराला तहान लागली, तो अमुक कोपऱ्यातला ग्रुप बघत होता म्हणून. कुणाला मत मागतोय असं वाटतच नाही, गप्पाच होतात. कागद हातात धरू नका, नंतर बाजूला जाऊन लिहा.

निवृत्त_बागवान

मी एका महापालिकेच्या उद्यान खात्यात होतो, पुण्याच्या नाही. वरच्यांनी बरोबर लिहिलंय, त्यात आतल्या माणसाची थोडी भर घालतो.

लोकांना वाटतं उद्यान म्हणजे उद्यान विभाग. तसं नसतं बाई. झाडं, लॉन, माळीकाम उद्यान विभागाचं. दिवे विद्युत विभागाचे. कंपाउंड वॉल, शेड, वॉचमनची केबिन यांचं बांधकाम साधारण भवनवाले बघतात. नळाची लाइन पाणीपुरवठा. स्वच्छतागृह बांधायचं एकाने आणि धुवायचं दुसऱ्याने. सिक्युरिटीचा ठेका आणखी वेगळा. आता तुम्ही 'उद्यानाचा विकास करणे' असा एकच गोड अर्ज केला तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि प्रत्येक टेबल प्रामाणिकपणे सांगतं की यातलं आमचं थोडंच आहे. म्हणून अर्ज फोडा. दिव्यांचा वेगळा, बाकांचा वेगळा, पाण्याचा वेगळा. प्रत्येकाला हाताने काढलेला का होईना एक नकाशा आणि त्यावर फुली. फुली असलेल्या अर्जाचं इस्टिमेट करायला ज्युनिअर इंजिनिअरला सोपं जातं आणि सोपं असलेलं काम आधी हातात घेतलं जातं, माणसाचा स्वभाव आहे.

दुसरं, लोकांशी बोलाल तर निम्म्या गोष्टी देखभालीच्या निघतील. झोपाळ्याची कडी तुटली, नळ गळतो, गवत वाढलं. ही बजेटची कामं नाहीत, यांची तक्रार करायची, ती कधीही करता येते. दोन वह्या करा, एक तक्रारींची एक नव्या कामांची. नाहीतर नळाचा वॉशर बदलायला तुम्ही पुढच्या आर्थिक वर्षाची वाट बघत बसाल. आणि नवीन वस्तू मागताना ती पुसणार कोण, तेल कोण घालणार हे विचारून ठेवा. कारंजं मागायला सगळ्यांना आवडतं, पंप कोण बघणार यावर मीटिंगमध्ये शांतता असते.

तिसरी गोष्ट, जागा. तुमचं उद्यान पालिकेच्या ताब्यात असेल तर प्रश्न नाही. पण लोक बोलता बोलता 'तो शेजारचा मोकळा प्लॉट पण घ्या ना' असं म्हणतातच. तो लेआउटमधला, म्हणजे एखाद्या वसाहतीची आखणी करताना सोडलेला असू शकतो. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआउटमध्ये किमान १० टक्के खुली जागा सोडावी लागते, ती तिथल्या रहिवाशांसाठी असते, त्यावर पालिकेचा पैसा असाच लावता येत नाही. आधी कागद बघा मग स्वप्न दाखवा.

आणि एक राहिलंच. माळ्यांना विचारलंत का? वॉचमनला? त्यांना सगळं माहीत असतं, पाणी कुठे तुंबतं, कुठला झोपाळा आधी तुटतो, कुठल्या भिंतीवरून पोरं उड्या मारून येतात आणि का येतात. माझ्या नोकरीत कितीतरी सल्लागार कंपन्या आल्या गेल्या, लॅपटॉप उघडून बसायच्या, माळ्याशी एकही बोललं नाही. फक्त एक करा, मुकादम किंवा ठेकेदाराचा माणूस समोर असताना विचारू नका.

डॅन्यूबकाठची (व्हिएन्ना)

मी मूळची नाशिकची, सध्या व्हिएन्नात राहते. तुमच्या प्रश्नाला अगदी जुळणारं उदाहरण या शहरात घडलंय म्हणून लिहिते.

१९९०च्या दशकात इथे पार्कमध्ये कोण येतं याचा अभ्यास झाला आणि त्यात दिसलं की साधारण नऊ-दहा वर्षांच्या झाल्या की मुली पार्कमध्ये येणं एकदम कमी होतं, मुलगे मात्र येतच राहतात. कुणी मुलींना मनाई केलेली नव्हती. पार्क म्हणजे मधे एक मोठी मोकळी जागा, ती बॉलवाले मुलगे ताब्यात घ्यायचे आणि मुलींना जागेसाठी त्यांच्याशी झगडावं लागायचं, मग त्या येणंच सोडून द्यायच्या. १९९९ मध्ये मार्गारेटन नावाच्या भागातले दोन पार्क बदलले. काय केलं तर पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल बॅडमिंटनची सोय केली आणि एका मोठ्या मैदानाचे झाडं-झुडपं लावून छोटे छोटे तुकडे केले, म्हणजे एकाच गटाला सगळं बळकावता येऊ नये. मुली परत यायला लागल्या आणि मुलगेही कुठे गेले नाहीत.

आता बघा, त्या मुलींना फॉर्म दिला असता तर त्यांनी काय लिहिलं असतं? त्या तर तिथे नव्हत्याच. म्हणून मला वाटतं मत विचारण्याच्या आधी मोजा. उद्यानाचा कागदावर नकाशा काढा, एक फेरी मारा आणि जिथे जो दिसेल त्याची खूण करा, मुलगा मुलगी बाई पुरुष म्हातारं माणूस, बसलंय की चालतंय की खेळतंय. सकाळी, दुपारी उघडं असेल तर दुपारी, संध्याकाळी पाचला आणि दिवे लागल्यावर. रविवारचं वेगळं. चार-पाच नकाशे शेजारी ठेवलेत की कोण कुठे नाही हे आपोआप दिसतं आणि 'बायका येतात की' म्हणणाऱ्यांना दाखवायला कागदही होतो. येतात, पण दिवे लागल्यावर किती उरतात? तिथे तुमचा दिव्यांचा अर्ज तयार.

आमच्याकडे नाशिकला आई मैत्रिणींबरोबर जॉगिंग ट्रॅकवर जाते. तिला काय हवंय विचारलं तर म्हणेल काही नको. पण ती ट्रॅकची एक बाजू कायम टाळते आणि वळून परत येते. हे तिने मला कधी सांगितलेलं नाही, बरोबर चालले तेव्हा कळलं.

सत्यवचनी

एवढी मेहनत करून काय मिळणार आहे सांगा. सूचना-हरकती मागवणं म्हणजे सगळीकडे नाटक असतं. ठरलेलं आधीच असतं, तुमच्या सह्या लागतात फोटोपुरत्या. मी पूर्वी एका शहरात राहायचो तिथे तलावाच्या काठाबद्दल लोकांची मतं घ्यायला मोठा मंडप घातला होता, चहा-बिस्किटं, रंगीत चिठ्ठ्या फळ्यावर चिकटवा वगैरे. टेंडर आठ दिवस आधीच निघालेलं होतं. चिठ्ठ्या झाडूवाल्याने गोळा केल्या.

कट्टेकर (दादर)

सत्यवचनी राव, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण सगळीकडे हेच असतं हे काही पटत नाही. मुंबईतलीच उदाहरणं देतो.

शहराच्या विकास आराखड्याचा, म्हणजे कुठली जागा कशासाठी वापरायची त्या नकाशाचा, मसुदा फेब्रुवारी २०१५ ला आला, त्यात इतक्या चुका होत्या की लोकांनी हजारोंनी हरकती घातल्या आणि एप्रिलमध्ये सरकारला तो रद्द करून नव्याने करायला सांगावं लागलं. दुसरा मसुदा २०१६ ला आला, मंजूर झाला २०१८ ला. तीन वर्षं गेली हे खरं पण पहिला मसुदा तसाच रेटला गेला नाही. का? कारण लोकांनी नुसतं 'आमचा तीव्र विरोध आहे' लिहिलं नाही. अमुक ठिकाणी उभ्या इमारतीतून रस्ता दाखवलाय, अमुक हेरिटेज वास्तू नकाशातून गायब आहे, असं बोट ठेवून लिहिलं. बागवानकाका फुली मारा म्हणतायत ते हेच.

आमच्या शिवाजी पार्कचं तर तुम्हाला माहीतच असेल, आजूबाजूच्या रहिवाशांच्या याचिकेवर २०१० मध्ये हायकोर्टाने ते शांतता क्षेत्र ठरवलं, म्हणजे लाउडस्पीकरवर बंधनं आली. त्यावर दादरमध्ये आजही दोन तट आहेत, सभावाले एकीकडे, कान वाचलेले दुसरीकडे. २०२३ मध्ये पालिकेच्या मोकळ्या जागा देखभालीसाठी संस्थांना दत्तक द्यायच्या धोरणाचा मसुदा आला तेव्हाही सूचना-हरकती मागवल्या होत्या आणि लोकांनी झोडपून काढलं.

आणि एक कोर्टाचं सांगून ठेवतो, कधीतरी उपयोगी पडेल. बंगळुरूला एका वसाहतीत पार्कसाठी राखलेला प्लॉट खासगी हॉस्पिटलसाठी देऊन टाकला होता. शेजारचे रहिवासी कोर्टात गेले. समोरच्यांचं म्हणणं, हॉस्पिटल पण लोकांसाठीच आहे की, आणि तुमचा संबंध काय. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पार्कची जागा अशी फिरवता येत नाही आणि रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे. बंगलोर मेडिकल ट्रस्टचा खटला, शोधलंत तर मिळेल.

तेव्हा नाटक असेल तर असू दे, आपण आपले संवाद पाठ करून जायचं.

सत्यवचनी

हे शेवटचं वाक्य आवडलं. बाकी माझं मत कायम आहे.

बॅगवाला

मी डिलिवरी करतो, पुण्यात नाय, दुसऱ्या शहरात. सगळं वाचलं, चांगलं चाललंय तुमचं. पण एक सांगू का, तुम्ही सगळे बागेत जे येतात त्यांनाच इचारायचं म्हणताय. त्या परदेशातल्या ताईंनी लिहिलं ते बरोबर, जे येतच न्हाईत त्यांचं काय.

आमचं सांगतो. दुपारी तीन-साडेतीनला ऑर्डरी कमी होतात, तवा तासभर बसायला सावली पायजे, पाणी पायजे आणि लघवीला जागा पायजे. आणि नेमकं तवाच बागेला कुलूप. सकाळी उघडी, संध्याकाळी उघडी, दुपारी बंद. मग आम्ही सातआठ पोरं बागेच्या भिंतीला लागून फुटपाथवर गाड्या लावून गाडीवरच आडवं होतो, वरून बागेतल्याच झाडाची सावली. आतली बाकं मोकळी आन आम्ही भायेर. मेसवाल्या मावशी, भंगारवाले, रिक्षावाले, सगळे तिथंच. बायकांचे तर लईच हाल, त्या कुणाला सांगणार.

तर तुमच्या कागदात टायमाचा प्रश्न टाका. आन गेटच्या भायेर पण उभं राहून इचारा. दुपारी उघडं ठेवायला काय पाच लाख लागत नाय बहुतेक.

निवृत्त_बागवान

दादा, लाख मोलाचं बोललात. दुपारी बंद ठेवायची कारणं म्हणजे पाणी मारणं, सफाई आणि सिक्युरिटीच्या शिफ्ट. पाणी पहाटे मारता येतं, उन्हाळ्यात तर तेच बरं, दुपारी मारलेलं निम्मं उडून जातं. खरी अडचण शिफ्टचीच. त्यासाठी अर्ज वेगळा, तो बजेटच्या फॉर्ममध्ये घालू नका, उद्यान अधीक्षकांच्या नावाने साधं पत्र द्या. आणि एकदम 'दिवसभर उघडा' म्हणू नका, 'एप्रिल-मे दोन महिने प्रयोग म्हणून' म्हणा. प्रयोग म्हटलं की साहेब लोकांना सही करायला सोपं जातं.

पेठेबाहेरचा (पुणे)

कडुनिंब ताई, तुमचा दुसरा प्रश्न राहिला, उलटसुलट मतांचा. माझं म्हणणं, डोकी मोजूच नका. काका साडेसहा ते आठ असतात आणि क्रिकेटवाली पोरं पाच ते सात. दोघं एकमेकांना रोज भेटतसुद्धा नाहीत, रविवार सोडला तर! मग हे भांडण 'क्रिकेट हवं की नको' असं नाहीच, रविवारी सकाळी दोन तास कुणाचे एवढंच आहे. तुमच्या नकाशांवर हे दिसेल. खरा झगडा जिथे एकाच वेळी एकाच जागेवर दोघं येतात तिथेच, तो सहसा लहानसा निघतो, तेवढ्यापुरतं दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवा.

आणि 'बंद करा' वाली जी यादी आहे ना तिची प्रत्येक ओळ उलटी करून विचारा. क्रिकेट बंद करा म्हणजे नक्की काय होतं, तर बॉल लागायची भीती. मग जाळी लावली तर चालेल का? कुत्री बंद करा म्हणजे घाण होते म्हणून की चावतात म्हणून, दोन्हीला उपाय वेगळा. जोडप्यांचं मात्र मला काही सुचत नाही, म्हणजे त्यांच्यामुळे कुणाचं काय बिघडतं तेच सुचत नाही. शहरात एवढी माणसं, घरं वन बीएचके, पोरापोरींनी बसायचं कुठे?

शेजारची_आजी

जोडप्यांवरून मी बोलते, मी पण साठीच्या पुढची आहे म्हणजे कुणी मला संस्कृती शिकवणार नाही. आमच्या बागेत जोडपी बसायची म्हणून मागची बाकं काढून टाकली. जोडपी गेली कट्ट्यावर. बाकं गेली ती आमची गेली. आता मला अर्ध्या ट्रॅकनंतर टेकायला जागा नाही. मंडळाच्या मीटिंगमध्ये ठराव झाला तेव्हा आम्हा बायकांना कुणी विचारलंच नाही, आम्ही घरी स्वयंपाक करत होतो. मीटिंग रविवारी अकराला, नेहमीच.

तर बाई, मीटिंग घेणार असशील तर अकराला घेऊ नकोस. संध्याकाळी साडेपाचला घे आणि बागेतच घे, हॉलमध्ये नको. नातवंडं खेळतील तोवर आम्ही बोलू.

कडुनिंब (पुणे)

अहो किती मस्त लिहिलंय सगळ्यांनी, मी दोन-तीनदा वाचलं. आजी, तुमचा पॉइंट मी आमच्या काकांच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकला (नाव न घेता), एकदम शांतता पसरलीये.

तर आता असं ठरवतेय. गुगल फॉर्म ठेवते पण तो शेवटी. आधी नकाशे. शेजारच्या ज्युनिअर कॉलेजच्या एनएसएसच्या मुलांना विचारलंय, त्यांना पण असं काहीतरी काम हवंच असतं, ती दोन-दोनच्या जोडीने आठवड्याचे दिवस वाटून घेतील, गेटच्या बाहेरचं पण मोजतील. मग गप्पा, पॅड न घेता. माळीदादा आणि वॉचमनकाका यांच्याशी मी स्वतः बोलणार, मुकादम नसताना. मग साडेपाचची बागेतली मीटिंग, त्यात नकाशे दोरीवर क्लिप लावून टांगायचे आणि तेव्हा काय मागायचं ते ठरवायचं. दोन वह्या. दुपारच्या वेळेचं पत्र वेगळं.

गप्पांसाठी प्रश्न असे लिहून काढलेत: शेवटचं कधी आलात आणि कुणाबरोबर, कुठे बसलात, का उठलात, घरातलं कोण इथे कधीच येत नाही आणि का, आणि एक शेवटी, इथलं काय अजिबात बदलू नये. बरे वाटतात का? काही बदलायचं असेल तर सांगा, शनिवारपासून सुरू करायचंय.

डॅन्यूबकाठची (व्हिएन्ना)

शेवटचे दोन तर फारच छान. 'घरातलं कोण येत नाही' हा बायकांना विचारा, पुरुष त्यावर 'सगळे येतात' म्हणतात, इथेही तसंच आहे. व्हीलचेअरवाले, काठी घेऊन चालणारे, ज्यांना दिसत नाही असे किती जण येतात हे नकाशावर वेगळं दाखवा. गेटला तो आडवा-उभा पाइपचा अडथळा असतो ना गाड्या आत येऊ नयेत म्हणून, त्यातून व्हीलचेअर जाते का ते एकदा टेपने मोजून बघा. बाबागाडी पण.

बॅगवाला

शनिवारी आमाला सुट्टी नसती, उलट जास्त काम. दुपारचं मोजायचं असंल तर मंगळवार बुधवार बघा.

निवृत्त_बागवान

आणि पावसाचा एक दिवस धरा. कोरड्या दिवशी मोजलेली बाग आणि पावसात मोजलेली बाग यात फरक असतो, ट्रॅकवर पाणी कुठे साठतं ते तेव्हाच दिसतं. त्याचे फोटो काढा, अर्जाला लावा.

अर्जाची दुसरी प्रत स्वतःकडे ठेवा, त्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. ऑनलाइन भरलात तर स्क्रीनशॉट. बजेट आलं की पुस्तकात तुमच्या प्रभागाची कामं शोधा, नसतील तर त्याच आवक क्रमांकाने माहिती अधिकारात विचारा, दहा रुपयांत काम होतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. का नाकारलं ते कारण लेखी मागा. पुढच्या वर्षीचा अर्ज त्या कारणावरूनच लिहायचा असतो.

कडुनिंब (पुणे)

लिहून घेतलं काका. मंगळवार, बुधवार आणि पावसाचा एक दिवस. एनएसएसच्या सरांना आत्ताच मेसेज करते, छत्र्या घेऊन या म्हणून.